ब्रोकर नेमका कोणाचा? घर घेता-विकताना एजंटाशी असलेलं नातं कागदावर आणायची पद्धत

“मालकाला पैशाची घाई आहे. तुम्ही पंच्याण्णववर ठाम राहा, सोडेल तो.” कोथरूडमधला एक कोटी सांगितलेला फ्लॅट दाखवून जिना उतरताना ब्रोकर असं हळूच सांगतो, तेव्हा घेणारा खूश होतो. चला, आपला माणूस भेटला! पण त्याच ब्रोकरला मालकही एक टक्का देणार असेल, तर त्याने आत्ता तुमच्यासमोर मालकाचं गुपित फोडलं आहे. संध्याकाळी मालकाला फोन करून “पार्टीचं कर्ज मंजूर आहे, सत्त्याण्णवपर्यंत ताणा” असं तो सांगणार नाही, याला आधार काय?

घर बघताना आपण कार्पेट किती, पार्किंग कुठलं, पाणी किती वेळ, मेंटेनन्स किती, सगळं विचारतो. दाखवायला आलेला माणूस कोणाच्या बाजूने काम करतोय, हे मात्र विचारायचं राहून जातं. टोकन अडकतं, दलालीवरून वाजतं, तोंडी सांगितलेलं आणि साठेखतात (विक्रीआधीच्या लेखी करारात) लिहिलेलं जुळत नाही; यातल्या कितीतरी भांडणांची सुरुवात तिथेच झालेली असते. हा प्रश्न कधी विचारायचा, उत्तर कसं लिहून घ्यायचं आणि त्या उत्तराने एजंटावर काय बांधिलकी येते, ते व्यवहार पुढे सरकतो त्या क्रमाने बघू. सगळं विवेचन महाराष्ट्रातल्या व्यवहारांना धरून आहे.

आधी, कोणता कायदा लागू आहे ते ओळखा

दोन कायदे आहेत आणि लोक नेहमी एकच धरून बसतात.

पहिला रेरा, म्हणजे २०१६ चा स्थावर संपदा कायदा. एजंटांची नोंदणी आणि जबाबदाऱ्या सांगणारी त्याची कलमं ९ आणि १०. कायद्यातली एजंटाची व्याख्या चांगली ऐसपैस आहे: मोबदला घेऊन कोणत्याही माध्यमातून घेणाऱ्या-विकणाऱ्याची नुसती गाठ घालून देणाराही तिच्यात येतो, मग तो स्वतःला ब्रोकर म्हणवो, दलाल म्हणवो की चॅनल पार्टनर. मात्र नोंदणीची सक्ती आहे ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पातल्या खरेदी-विक्रीसाठी. तीस वर्षं जुन्या सोसायटीतला रीसेल फ्लॅट किंवा भाड्याचं घर दाखवणाऱ्याला ही कलमं सहसा लागू होत नाहीत.

तिथे कामाला येतो तो जुना, १८७२ चा भारतीय करार कायदा. त्याचं दहावं प्रकरण, कलम १८२ ते २३८, सगळं एजन्सीवर आहे. नव्या प्रकल्पातल्या एजंटालाही ते लागू आहेच. या कायद्याने एजंट व्हायला नोंदणी लागत नाही, लेखी करार लागत नाही, कलम १८५ प्रमाणे मोबदलाही ठरलेला असावा लागत नाही. “बघा जरा आमच्यासाठी एखादं घर” असं तुम्ही म्हणालात, समोरचा “हो” म्हणून कामाला लागला, की वागणुकीतूनही एजन्सी उभी राहू शकते. अडचण येते ती पुढे, सिद्ध करताना.

पायरी १: पहिल्याच फोनवर तीन प्रश्न

घर बघायला जायच्या आधी, फोनवरच विचारा. तुम्ही या व्यवहारात कोणाकडून काम करताय? दलाली कोणाकोणाकडून घेणार? मालकाशी तुमची थेट ओळख आहे की मध्ये आणखी कोणी आहे?

मुंबई-पुण्यात उत्तरं साधारण तीन प्रकारची मिळतात. एक, “मालक माझा आहे.” म्हणजे तो मालकाचा एजंट, तुमच्याशी खोटं बोलायचं नाही एवढं बंधन त्याच्यावर आहे, पण तुमच्या फायद्यासाठी झटायचं नाही. दोन, “मालकाकडे दुसरा ब्रोकर आहे, आमचं साइड बाय साइड.” म्हणजे ज्याने त्याने आपापल्या पार्टीकडून दलाली घ्यायची. घेणाऱ्याच्या दृष्टीने ही सगळ्यात स्वच्छ रचना, कारण निदान तुमचा माणूस कोण हे स्पष्ट असतं. तीन, “दोन्ही पार्ट्या माझ्याच.” हेच उत्तर सर्वात जास्त वेळा येतं, आणि सर्वात कमी वेळा मोकळेपणाने दिलं जातं.

दोन्हीकडून काम करायला करार कायद्यात सरळ मनाई नाही. पण एजंटाचं नातं विश्वासाचं असल्यामुळे दोन्ही पक्षांना ते ठाऊक आणि मान्य असायला हवं. असा ब्रोकर किमतीच्या घासाघिशीत तुमची बाजू लढवू शकत नाही, निरोप पोचवू शकतो फक्त. त्याने तसं कबूल केलं तर बिघडत नाही; मग किमतीचं बोलणं तुम्ही स्वतः मालकाशी, समोरासमोर करा. मला विचाराल तर दोन्हीकडचा ब्रोकर ही तक्रारीची बाब नाही. दोन्हीकडचा असून फक्त तुमचा असल्याचं भासवणारा ब्रोकर, ती तक्रारीची बाब.

अमेरिकेत घर घेऊन मग पुण्यात फ्लॅट बघणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. तिकडे घेणाऱ्याचा एजंट वेगळा असणं ही रुळलेली पद्धत आहे, आणि ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक एजंटांना घर दाखवायच्या आधीच घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो. आपल्याकडे असा कागद कोणी आपणहून पुढे करणार नाही. तो तुम्हालाच पुढे करायचा आहे.

पायरी २: नोंदणी तपासा (नवा प्रकल्प असेल तर)

महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्रात रेरा राबवणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर एजंट आणि प्रकल्प दोन्ही शोधता येतात. एजंटाचा क्रमांक ए या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा पी ने. व्हिजिटिंग कार्डावर छापलेला क्रमांक तसाच मान्य करू नका. संकेतस्थळावर टाकून बघा: नाव जुळतं का, मुदत संपली आहे का. नोंदणी एका माणसाच्या नावे आणि दाखवायला येतो भलताच, हाही प्रकार चालतो.

दुसरी तपासणी सहसा कोणी करत नाही. रेराच्या कलम ४ प्रमाणे बिल्डरला प्रकल्प नोंदवताना त्या प्रकल्पासाठी नेमलेल्या एजंटांची नावं आणि पत्ते द्यावे लागतात. प्रकल्पाच्या पानावर ती यादी बघा. “आम्ही या साइटचे अधिकृत पार्टनर” म्हणणारा त्या यादीत नसेल तर बिल्डरच्या कार्यालयात फोन करून खात्री करा.

तिसरी गोष्ट परीक्षेची. महारेराने जानेवारी २०२३ मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली आणि १ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्राशिवाय काम करता येत नाही. त्या प्रमाणपत्राची प्रत मागणं उद्धटपणाचं नाही. जाहिरातीवर क्यूआर कोड असणंही १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाची माहिती उघडते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या रंगीत पोस्टरवर कोडच नसेल तर “प्री-लाँच ऑफर आहे, नोंदणी होतेय” असं पुढे ऐकायला मिळतं. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली विक्री एजंटाने करायची नाही, हे कलम १० मधलं पहिलंच बंधन आहे. प्रकल्प खरंच नोंदणीतून सुटलेला असू शकतो, उदाहरणार्थ ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा ८ पर्यंत सदनिका. पण प्री-लाँच ही काही सूट नव्हे.

पायरी ३: नातं लिहून घ्या

भला मोठा करार नको. घेणाऱ्याने ब्रोकरला व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर पाठवलेला आणि त्याने “मान्य” असं उत्तर दिलेला एक परिच्छेदही बराच भार उचलतो. मजकूर असा ठेवता येईल:

“आम्ही कोथरूड-कर्वेनगर भागात दोन बेडरूमचं घर शोधत आहोत. या शोधात तुम्ही आमच्या वतीने काम कराल. तुम्ही दाखवत असलेल्या घराच्या मालकाकडून, बिल्डरकडून किंवा दुसऱ्या ब्रोकरकडून तुम्हाला काही मिळणार असेल, तर ते घर दाखवण्याआधी आम्हाला लेखी कळवाल. आमचं कमाल बजेट, कर्जाची मंजुरी आणि आमची निकड आमच्या परवानगीशिवाय समोरच्याला सांगणार नाही. तुम्ही किंवा तुमच्या जवळच्या नात्यातलं कोणी घराचं मालक असेल तर तसं आधी सांगाल. दलाली ठरलेल्या किमतीच्या १ टक्का, जीएसटी लागू असल्यास वेगळा. निम्मी साठेखताच्या नोंदणीच्या दिवशी, निम्मी ताबा मिळाल्यावर. मालकाच्या कागदपत्रांतल्या दोषामुळे व्यवहार मोडला तर दलाली द्यायची नाही, दिलेली परत करायची. मुदत ९० दिवस.”

यातलं प्रत्येक वाक्य एकेका भांडणाची जागा बंद करतं. रक्कम मोठी असेल तर हेच स्टॅम्पपेपरवर करून घ्या. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. जो ब्रोकर “आमच्यात असं लिहून देत नाहीत” म्हणतो, त्याच्याबरोबर घरं बघायला हरकत नाही, फक्त तो तुमचा नाही असं धरून चला.

या कागदामागे उभी असलेली कर्तव्यं

वरचा परिच्छेद नसला तरी एजंटावर करार कायद्याने काही बंधनं आहेतच. ब्रोकरसमोर कलमांचे आकडे फेकायची गरज नाही, पण आपल्याला माहीत असावेत.

कलम २११ म्हणतं, ज्याच्यासाठी एजंट काम करतो त्याने (कायद्याच्या भाषेत प्रधानाने) सांगितलं तसं काम करायचं. ९५ च्या वर बोलू नको असं सांगितलेलं असताना एजंट ९७ कबूल करून आला आणि तुमचं नुकसान झालं, तर ते त्याने भरून द्यायचं. कलम २१२ कौशल्याचं आणि काळजीचं: त्या धंद्यात सर्वसाधारणपणे अपेक्षित असतं तेवढं कसब त्याने दाखवायला हवं. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी देणारा दाखला) नसलेली इमारत “सगळं क्लिअर आहे” म्हणून दाखवणं या कसोटीवर टिकायचं नाही. कलम २१३, मागितल्यावर हिशेब द्यायचा. कलम २१४, अडचण आली तर स्वतःच्या अंदाजाने निर्णय घ्यायचा नाही, शक्य ते करून तुमच्याशी संपर्क साधायचा आणि सूचना घ्यायच्या.

खरी ताकद आहे ती कलम २१५ आणि २१६ मध्ये, आणि कायद्याने स्वतःच दिलेली उदाहरणं इतकी बोलकी आहेत की आजच्या बाजारातली वाटावीत. एकाने एजंटाला आपली जमीन विकायला सांगितली. एजंटाने दुसऱ्याच्या नावावर ती स्वतःच विकत घेतली. त्याने महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली किंवा व्यवहार मालकाच्या तोट्याचा झाला, हे दाखवता आलं तर मालक ती विक्री नाकारू शकतो. दुसऱ्या उदाहरणात एजंटाला जमिनीवर खाण सापडते, खाणीबद्दल गप्प राहून तो “मीच घेऊ का?” असं विचारतो आणि मालक हो म्हणतो. मालकाने संमती दिलेली असूनही तिथे विक्री नाकारायचा हक्क त्याच्याकडे राहतो, कारण संमती अंधारात ठेवून घेतलेली आहे. रस्ता रुंदीकरणाची किंवा पुनर्विकासाची खबर आधी लागलेला ब्रोकर जुन्या फ्लॅटच्या मालकाला “मी एक गिऱ्हाईक आणतो” म्हणून भाच्याच्या नावाने फ्लॅट घेतो, तेव्हा खाणीच्या जागी पुनर्विकास एवढाच फरक असतो.

कलम २१६ चं उदाहरण घेणाऱ्याच्या बाजूचं. अमुक घर माझ्यासाठी घे असं एजंटाला सांगितलं. एजंट म्हणाला, ते घर मिळत नाही, आणि स्वतःच घेतलं. हे कळल्यावर, ज्या किमतीला घेतलं त्याच किमतीला ते मला विक असं त्याला भाग पाडता येतं.

याच तत्त्वावर गुप्त कमिशनचा निकाल लागतो. तुमचा एजंट म्हणून काम करताना समोरच्याकडून गुपचूप घेतलेला फायदा त्याला स्वतःकडे ठेवता येत नाही, तो तुमच्या हिशेबात येतो. आणि कलम २२० सांगतं, की कामात गैरवर्तन केलेल्या एजंटाला त्या कामाचा मोबदला मागता येत नाही. दलालीवरून वाद झाला की हे कलम सगळ्यात आधी आठवावं.

पायरी ४: घर बघताना तोंड सांभाळा

करार कायद्याचं कलम २२९ घेणाऱ्याला अनपेक्षित अडचणीत टाकू शकतं. तुमच्या एजंटाला तुमच्या कामाच्या ओघात जे कळलं, ते तुम्हालाच कळलं असं कायदा धरतो. मालकाने तुमच्या ब्रोकरला सांगितलं की वरच्या मजल्यावरून गळती आहे आणि सोसायटीशी वाद चालू आहे. ब्रोकरने ते तुम्हाला सांगितलंच नाही. उद्या “मालकाने लपवलं” म्हणून तुम्ही भांडायला गेलात तर मालक म्हणेल, तुमच्या माणसाला सांगितलं होतं. म्हणून प्रत्येक घर बघून आल्यावर ब्रोकरला एक निरोप टाका: “या घराबद्दल मालकाने किंवा सोसायटीने तुम्हाला सांगितलेली कोणतीही अडचण असेल तर आज कळवा.”

आणि ज्या ब्रोकरशी काही लिहून झालेलं नाही, त्याला कर्जाच्या मंजुरीचा आकडा, मुलाची शाळा जूनमध्ये सुरू होते, सध्याच्या घराची मुदत संपत आलीय, हे काही सांगू नका. ही सगळी किंमत वाढवणारी माहिती आहे.

नव्या साइटवर एजंटाची कामं रेराच्या कलम १० मध्ये दिली आहेत. नसलेल्या मंजुऱ्या आणि संलग्नता सांगायच्या नाहीत, दिशाभूल करायची नाही, हिशेबाची पुस्तकं आणि कागद जपायचे, आणि बुकिंगच्या वेळी घेणाऱ्याला ज्या ज्या कागदांचा हक्क आहे ते सगळे त्याच्या हाती पडतील हे बघायचं. म्हणजे मंजूर नकाशे, लेआउट, तपशीलवार वैशिष्ट्यं, टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक. “ते बिल्डरकडून नंतर मिळेल” हे उत्तर कायद्याला धरून नाही. क्लब हाऊस, मेट्रो स्टेशनपर्यंतचा रस्ता, फुकट मॉड्युलर किचन असं जे तोंडी सांगितलं जातं ते सगळं त्याच दिवशी मेसेजमध्ये लिहून “असंच ना?” असं विचारा. उत्तर आलं तर पुरावा झाला, नाही आलं तरी काहीतरी कळलंच.

पायरी ५: टोकन

ब्रोकरच्या खात्यात टोकन टाकायचं नाही. अपवाद नाही. रीसेलमध्ये धनादेश किंवा ऑनलाइन रक्कम थेट मालकाच्या नावे, आणि एकापेक्षा जास्त मालक असतील तर सगळ्यांच्या सह्यांची पावती. इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर काढून मालकांची नावं आधी बघून घ्या. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, शेअर सर्टिफिकेट, कर्जाचा बोजा, हे वकिलाकडून तपासून घ्यायचे. ते काम ब्रोकरचं नाही आणि त्याच्यावर सोपवूही नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात आगाऊ म्हणून २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, तेव्हा “टोकन कॅश द्या, भाव लॉक करतो” याला सरळ नकार.

विसार पावतीत टोकन परत कधी मिळेल ते लिहा: मालकी हक्कात दोष निघाला, सोसायटीने ना हरकत दिली नाही, बँकेने त्या मिळकतीवर कर्ज नाकारलं. पावतीवर ब्रोकरची सही साक्षीदार म्हणून घ्या आणि तो कोणाच्या वतीने आहे तेही लिहा. नव्या प्रकल्पात बिल्डरला नोंदणीकृत साठेखताआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे रेराचं कलम १३. एजंट त्याहून जास्त मागत असेल तर तो बिल्डरच्या सांगण्यावरून मागतोय की स्वतःच्या, हे बिल्डरलाच लेखी विचारा.

पायरी ६: दलाली

दर कुठल्याही कायद्याने ठरवलेला नाही. मुंबई-पुण्यात विक्रीत प्रत्येक बाजूकडून एक ते दोन टक्के आणि भाड्यात एक महिन्याचं भाडं, हा रिवाज. रिवाज म्हणजे कायदा नव्हे, आधी बोलून कमी करता येतो. एक कोटीवर एक टक्का म्हणजे एक लाख, ब्रोकर जीएसटीत नोंदलेला असेल तर वर १८ टक्क्यांनी १८ हजार. जीएसटी मागितला तर क्रमांक असलेलं बिलही मागा. क्रमांक नसेल तर तो कर वसूल करता येत नाही. नव्या प्रकल्पात चॅनल पार्टनरला पैसे सहसा बिल्डर देतो, तुमच्याकडून वेगळं काही द्यायचं नसतं. “झिरो ब्रोकरेज” याचा अर्थ तेवढाच. त्या माणसाचा मोबदला बिल्डरच्या खिशातून येतो, म्हणून तो बिल्डरचा.

दलाली केव्हा देय होते? वेगळं ठरलं नसेल तर काम पूर्ण झाल्यावर, असं करार कायद्याचं कलम २१९ सांगतं. पण काम म्हणजे कोणतं: गाठ घालून देणं, साठेखत, की ताबा? ब्रोकर पहिलं म्हणतो, तुम्ही तिसरं. म्हणूनच वरच्या मजकुरात तारखा टाकल्या आहेत.

आता उलटी बाजू. ब्रोकरने घर दाखवलं, आठवड्याने घेणारा आणि मालक परस्पर भेटले आणि ब्रोकरला डावलून सौदा केला. हे शहाणपण नाही. ज्याच्या प्रयत्नामुळे व्यवहार जुळला त्याचा मोबदल्याचा दावा उभा राहू शकतो, आणि सोसायटीच्या गेटवरच्या नोंदवहीतली त्याची आणि तुमची एकाच वेळची सही त्याला पुरावा म्हणून पुरते.

विकणाऱ्यासाठी: तुमच्या एजंटाची जीभ तुमची असते

विकणारे एजन्सीचा विचार फार कमी करतात, आणि जोखीम त्यांचीच जास्त. कलम २३८ प्रमाणे एजंटाने तुमच्या कामाच्या ओघात, त्याच्या अधिकारातल्या बाबतीत केलेली फसवणूक किंवा दिलेली खोटी माहिती तुम्हीच दिल्यासारखी धरली जाते. ब्रोकरने “स्टिल्टमधलं पार्किंग कागदावर आहे” असं ठोकून दिलं, घेणाऱ्याने त्यावर विसंबून साठेखत केलं, तर उत्तर तुम्हाला द्यायचं आहे. फ्लॅटची एक पानी माहिती स्वतः तयार करा, खाली सही करा, आणि यापलीकडे काही सांगायचं नाही असं ब्रोकरला लिहून द्या. गळती असेल तर त्या पानावर गळतीही लिहा.

कलम २३७ आणखी पुढचं. तुमच्या वागण्यामुळे तिसऱ्याला असं वाटलं की ब्रोकरला अधिकार आहे, तर नसलेल्या अधिकारातल्या कृतीनेही तुम्ही बांधले जाऊ शकता. चावी ब्रोकरकडे, जाहिरातीत नंबर ब्रोकरचा, “किंमत तेच ठरवतील” हे वाक्य तुमचं. मग त्याने टोकन घेतलं तर “मी अधिकार दिला नव्हता” हे पटवणं अवघड जातं. म्हणून नेमणूकपत्रात चार गोष्टी हव्यात: किमान किंमत (ती बाहेर सांगायची नाही), टोकन घेण्याचा आणि किंमत कबूल करण्याचा अधिकार नाही, आलेली प्रत्येक ऑफर त्याच दिवशी कळवायची, आणि उपब्रोकर नेमायचा असेल तर आधी विचारायचं.

उपब्रोकरचा मुद्दा किरकोळ वाटतो, तसा नाही. तुमचा फ्लॅट एका ब्रोकरला सांगितला की संध्याकाळपर्यंत तो चाळीस व्हॉट्सॲप ग्रुपांवर असतो. रीतसर नेमलेल्या उपएजंटाबद्दल तुमच्यापाशी जबाबदार मूळ एजंटच राहतो, हे कलम १९२. अधिकार नसताना नेमला असेल तर त्याच्या कृत्यांची जबाबदारी तुमच्यावर येत नाही, हे कलम १९३. म्हणून परवानगी दिली होती की नाही, हे लिहिलेलं असावं.

एकाच ब्रोकरला मँडेट (विक्रीचं काम फक्त त्याच्याकडे) द्यायचं तर मुदत ६० किंवा ९० दिवस, त्याहून जास्त नको. मुदत ठरवून दिल्यावर मध्येच सबळ कारणाशिवाय काढून टाकलंत तर कलम २०५ प्रमाणे भरपाई लागू शकते, आणि कलम २०६ ला वाजवी नोटीस हवी.

कुलमुखत्यारपत्राबद्दल एवढंच

परदेशातल्या मालकांकडे ब्रोकर हे पत्र, म्हणजे मालकाच्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार, हमखास मागतात. ब्रोकरला देऊ नका. नात्यातल्या माणसाला द्या, एका फ्लॅटपुरतं, आणि पैसे घ्यायचा अधिकार वगळून, रक्कम थेट तुमच्या खात्यात. परदेशात केलेलं पत्र भारतात पोचल्यापासून ३ महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. घेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. आणि पत्र देणारा वारला की साधारणतः अधिकार संपतो, तेव्हा नोंदणीच्या दिवशी मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलून घ्या.

भाड्याचं घर

इथे रेरा नाही. करार कायदा, आणि लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे हे सांगणारं १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, तरी ब्रोकर तिचा खर्च पूर्ण भाडेकरूवर टाकतो. ठरलं नसेल तर निम्मा-निम्मा मागा. अकरा महिन्यांनी करार वाढवताना पुन्हा दलाली? आधी कबूल केली असेल तरच. दोन्ही पक्ष परस्पर बोलून नवा करार करत असतील तर त्या वेळी ब्रोकरने काय काम केलं, हा प्रश्न विचारायला संकोच वाटू देऊ नका. अनामत रक्कमही टोकनसारखीच, थेट मालकाच्या खात्यात.

बिनसलं तर

आधी लेखी नोटीस, साधी ईमेलही चालेल: तारखा, काय सांगितलं होतं, काय निघालं, किती रक्कम परत हवी, किती दिवसांत. पैसे ब्रोकरच्या हातातून गेले असतील तर कलम २१३ खाली हिशेब मागा. इथपर्यंत आल्यावर बरेच ब्रोकर तडजोडीला येतात.

नोंदणीकृत प्रकल्पातला एजंट असेल तर रेराच्या कलम ३१ खाली एजंटाविरुद्ध महारेराकडे थेट तक्रार करता येते. लोक फक्त बिल्डरवर करतात, एजंटाला सोडून देतात. नोंदणी नसताना काम करणं किंवा कलम १० मोडणं यासाठी कलम ६२ मध्ये दिवसाला १०,००० रुपये दंड आहे, एकूण त्या मिळकतीच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. हा दंड मात्र तुम्हाला मिळत नाही. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे दिले असतील तर कलम १२ प्रमाणे भरपाई किंवा व्याजासह परतावा बिल्डरकडून मागायचा, आणि तक्रारीत दोघांना प्रतिवादी करायचं.

रीसेल आणि भाड्यात, दलाली दिलेली असेल तर सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार घडल्यापासून २ वर्षांच्या आत करायची. पैशाच्या वसुलीचा दिवाणी दावा सर्वसाधारणपणे ३ वर्षांत. खोटा मालक उभा केला, बनावट कागद दाखवले, एकच फ्लॅट दोघांना विकला, तर वेळ न घालवता पोलिसांकडे.

या सगळ्या ठिकाणी तुमच्याकडे मागितले जातील ते ब्रोकरचे आणि तुमचे मेसेज. ते स्क्रीनशॉटवर न ठेवता व्हॉट्सॲपमधून पूर्ण संभाषण निर्यात करून ठेवा आणि ज्या फोनवर ते आले तो फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ उपकरण हाताशी असलं की ते काम सोपं होतं.